मुकादमाच्या पोटातलं

४ मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरने आज सांगून टाकलं, वय झालंय, असू द्या, उगाच त्रास नका देऊ त्याला. टेबलापलीकडूनच सांगितलं. हात लावला नाही, वजन केलं नाही. बाहेर कुत्र्यांची रांग होती आणि त्याचं अर्धं लक्ष तिकडे.

मुकादम म्हणजे यांचं कासव. भिंत धरून घरभर फेरी मारतो, प्रत्येक खुर्चीच्या पायाशी थांबून पाहणी करतो आणि काम पसंत नसल्यासारखा पुढे जातो, म्हणून मुकादम. यांचं घड्याळाचं दुकान होतं तेव्हा कुणा गिऱ्हाइकाने तळहाताएवढा आणून दिलेला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो इथला जुना होता आणि मी नवी, हे त्याने मला बत्तीस वर्षांत विसरू दिलेलं नाही.

वय झालंय म्हणे. कासवं शंभरी गाठतात. पस्तीस-छत्तीस म्हणजे त्यांच्यात मुलगी बघायचं वय.

जानेवारीत यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा मोठ्या इस्पितळातला मोठा डॉक्टरही हेच म्हणाला होता. एकसष्ट हे काय वय झालं? डॉक्टर लोकांना हल्ली एकच वाक्य शिकवून बाहेर सोडतात असं दिसतं.

ही वही मी यांच्या औषधांच्या वेळा लिहायला आणली. कासवाचं हिच्यात लिहायचं कारण नाही. मला त्याचं काही पडलेलंही नाही. पण अकरा दिवस त्याने पानाला तोंड लावलेलं नाही, आणि न तपासता केलेलं निदान माझ्याच्याने सहन होत नाही. एवढंच.

५ मार्च

वजन केलं. एक किलो सातशे साठ. यांच्या जुन्या टिपणात दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामाच्या वेळचं वजन सापडलं, दोन किलो शंभर. म्हणजे तीनशे चाळीस ग्रॅम कुठे गेले? हवेत?

पोट बिघडलंय आणि शी तपासायची नाही, हे म्हणजे चोरी झाली आणि कुलूप बघायचं नाही. मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये हेच बघितलं. लोक हसायचे. वन्सं तर लग्नाच्या बैठकीतच म्हणाल्या होत्या, मुलगी करते काय, तर लोकांचं ते बघते. बघत होते म्हणून किती पोरांची पोटं वाचली ते त्यांना कोण सांगणार. दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये मशीन आलं आणि मला नारळ मिळाला. माझा सूक्ष्मदर्शक भंगारात चालला होता, तो मी उचलून घरी आणला. वर टोपडं घालून कपाटावर ठेवला होता. आज खाली काढला.

खात नाही त्याची शी कुठून आणायची? हे आठवड्यातून एकदा त्याला कोमट पाण्यात बसवायचे, तेव्हा तो हटकून करायचा. तसंच केलं. पाणी हनुवटीपर्यंत, वर नाही. वीस मिनिटांनी काम झालं.

मग स्वयंपाकघरात मीठ विरघळेना इतकं घट्ट मीठपाणी केलं, त्यात नमुना कालवला, चहाच्या गाळणीने गाळला, (ती गाळणी आता कायमची माझी) आणि काचेच्या नळीत काठोकाठ भरून वर पातळ काच ठेवली. जंतांची अंडी हलकी असतात, मिठाच्या पाण्यात वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. पंधरा मिनिटं. नेमक्या त्याच वेळी वन्सं भावाला बघायला आल्या. ओट्यावर काय चाललंय ते मी खरं सांगितलं. त्यांनी चहा घेतला नाही.

काच भिंगाखाली घातली. दोन जातींची अंडी. एक लांबट, एका अंगाने चपटं. तसली थोडी, ती असायचीच. पण दुसरी गोल, जाड कवचाची, काठ खडबडीत. मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. जत्रा भरली होती नुसती.

गोलजंत. पोट भरलंय त्याचं, पण अन्नाने नाही.

यांना जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "असू दे." वारं गेलं त्या दिवसापासून यांच्या तोंडून एवढेच दोन शब्द निघतात. पाणी हवं असलं तरी असू दे, नको असलं तरी असू दे. मी म्हटलं, असू कसं देऊ?

७ मार्च

डॉक्टरकडे पुन्हा गेले. अंड्यांचं चित्र काढून नेलं होतं, मापासकट. त्याने चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चित्र. म्हणाला, थोडे जंत असतातच कासवांना. मी म्हटलं थोडे असतात हे मलाही ठाऊक आहे, थोडे आणि एवढे यातला फरक सांगण्यातच माझी अख्खी नोकरी गेली.

मग तो तयार झाला. फ्रीजमधून बाटली काढली आणि सुई भरायला लागला. कुत्र्यांना, गाईगुरांना, सगळ्यांना देतो हे, म्हणाला, एका टोचण्यात काम. मी खोक्यातला घडी घातलेला कागद मागितला. लॅबमध्ये आमचा नियम होता, नवी बाटली उघडायची तर आधी कागद वाचायचा, मग बाकी. त्यावर गाय होती, मेंढी होती, डुक्कर होतं. कासव नव्हतं.

"यात कासव नाही," मी म्हटलं.

"बाई, सगळं कुठे लिहितात त्यात."

"तुम्ही दिलंय का कधी कासवाला?"

सुई हातात तशीच. मी मुकादमाला उचललं, पिशवीत घातलं आणि चालू लागले. पाठीमागून एक कुत्रं भुंकलं, तेवढाच निरोप.

घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. तो शिकलेला डॉक्टर, मी भिंगवाली. उद्या कासव मेलं तर म्हणतील, हिच्या हट्टापायी मेलं. आणि खोटं काय असेल त्यात?

८ मार्च

प्राणिसंग्रहालयात फोन लावला. तिकीटखिडकी, मग माळी, मग हत्तींचा माणूस, असं करत करत सातव्या माणसाने सापवाल्या डॉक्टरीणबाईंना दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही वय विचारलं नाही, ना त्याचं ना माझं. मी त्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, आयव्हरमेक्टिन.

"दिलं नाही ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

नाही म्हटलं.

त्यांनी सांगितलं की कुत्र्याला, गाईला ठीक, पण कासवाला ते विष आहे. हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो, आणि उलटवणारं औषध नाही.

त्यांनी दुसरं औषध सांगितलं, दुधासारखं पांढरं, तोंडातून द्यायचं. पण आज नाही. आधी आठवडाभर रोज कोमट पाणी आणि दिव्याची ऊब, कारण थंड आणि सुकलेल्या अंगात औषधही थिजून बसतं. मात्रा वजनावर, आणि ती तिथल्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या, म्हणाल्या.

म्हणजे पुन्हा त्याचंच दार.

९ मार्च

गेले. न जाऊन सांगते कुणाला. माझं मी औषध मिळवलंही असतं, पण त्याच्याकडे उद्या आणखी कुणी कासव घेऊन येईल, त्याचं काय?

दवाखाना रिकामा होता. मी भांडायच्या तयारीने गेले होते, वाक्यं पाठ करून. पण मी सांगत गेले आणि तो ऐकता ऐकता खाली बसला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी एकाला दिलं होतं. चार दिवसांनी गेलं ते. मी त्यांना सांगितलं, वय झालं होतं."

माझी सगळी पाठ केलेली वाक्यं वाया गेली.

त्याने माझ्यासमोर डॉक्टरीणबाईंना फोन लावला. वही काढून लिहून घेतलं, दोनदा विचारून. मग आम्ही दोघांनी गणित केलं, त्याने एकदा, मी एकदा, उत्तर एकच आलं. पॉइंट नऊ मिली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. निघताना म्हणाला, मोठे जंत एकदम मेले तर आतडं तुंबूही शकतं, लक्ष ठेवा. निदान हे तरी खरं बोलला. मला आवडला.

१२ मार्च

चिरंजीवांचा फोन. लेक माझा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, दुसऱ्या गावी, पुलासारखाच बोलतो, एका टोकापासून सुरू केलं की दुसऱ्या टोकालाच थांबतो. बाबांसाठी त्याने एक जागा बघितलीय. चोवीस तास नर्स, बाग, स्वच्छ चादरी. तू एकटी किती करणार आई, तुझंही वय झालंय.

आलंच ते वाक्य. मी म्हटलं, मला वेळ नाही, मुकादमाला पाण्यात ठेवलाय.

मुकादमाची पेटी रिकामी केली. माती बाहेर, पानांचे तुकडे बाहेर, उकळतं पाणी ओतून तीनदा घासली. अंडी मातीत पडतात, तोच माती चिवडतो आणि तीच पुन्हा पोटात घालतो. आता तळाला साधा कागद, रोज बदलायचा. पाठ मोडली आहे.

१६ मार्च

औषधाचा दिवस. सकाळी दहाला सुरुवात केली. सुई काढून टाकलेली सिरिंज, पॉइंट नऊ. मी हात पुढे केला की मान आत. थांबले, वाट बघितली, मान आली बाहेर, हात केला की आत. फिस्स करून दम भरतो वर. साडेअकरापर्यंत माझा घाम निघाला आणि तो मात्र गल्ल्यावर बसलेल्या शेटजीसारखा निवांत.

शेवटी वैतागून त्याला यांच्या मांडीवर आदळला. आदळला नाही, ठेवला. म्हटलं, घ्या तुमचं लाडकं, तुम्हीच द्या.

यांनी डाव्या हाताचं एक बोट त्याच्या नाकासमोर धरलं. नुसतं धरलं. आणि त्या दगडाने मान काढली, पूर्ण, सुरकुत्या मोजता येतील इतकी. यांनी अंगठा आणि बोट जबड्यामागे अलगद बसवलं, जसं घड्याळाचं चाक चिमटीत धरायचे. पण तो पुढचे पाय मारून निसटायला बघत होता, तर यांचा उजवा हात पाठीवर येऊन बसला. जड होता, बरा दाबला गेला. मी ओठांच्या फटीतून सिरिंज घातली आणि थोडं थोडं करत सगळं रिकामं केलं.

व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा येतात, पहिल्याच दिवशी रबरी चेंडू दिलाय, उजव्या हाताने दाबा म्हणतात. हे बघतसुद्धा नाहीत. माझ्यासाठी साधा चमचा उचलायला नको, आणि कासव म्हटलं की दोन्ही हात. पुरुषांची जातच तशी.

१९ मार्च

निघाले. सकाळच्या पाण्यात. पांढरे, बुटाच्या नाडीसारखे, बोटाएवढे लांब. एक, दोन, मग एक अख्खा गुंता. चिमट्याने सोडवून बशीत लावून मोजले. अकरा. यांना दाखवायला बशी नेली, हे बशीकडे आणि मग माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी पदक आणलंय.

तेवढ्यात चिरंजीवांचा फोन. मी उचलल्या उचलल्या म्हटलं, अकरा निघाले. तो म्हणाला, काय अकरा, कुठून. मी सगळं सांगितलं, जंतांच्या लांबीसकट. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, आई, तू नीट जेवतेस ना? झोप लागते ना? मायाळू आहे तसा. पंधरा-वीस दिवसांत रजा काढून येतो म्हणाला, कागदपत्रं घेऊनच येतो.

कसले कागद ते मी विचारलं नाही.

२५ मार्च

अजून खात नाही. जंत गेले, वजन आहे तिथेच, आणि तो दिव्याखाली डोळे मिटून पडलेला. डॉक्टरीणबाई म्हणतात आतडं सोललं गेलंय, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही माहीत नाही.

आज खरं लिहिते. मला वाटतं मी चुकले. चाळीस मिनिटं पेटीसमोर पान धरून बसले होते, तिकडे आमटी करपली. समजा सगळ्यांचंच बरोबर असेल. समजा खरंच काही गोष्टी सोडून द्यायच्या असतात आणि मी नुसती भिंगातून बारकं बारकं बघत बसते, कारण मोठं बघायची हिंमत नाही.

यांनी खुर्चीतून म्हटलं, असू दे.

मी ओरडले. या घरात इतक्या वर्षांत मी अशी ओरडले नव्हते. "असू देणार नाही," म्हटलं. "तुम्हाला सगळं असू दे. मी काय करू मग? मी असू दिलं तर या घरात उरलं कोण?"

मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं.

२७ मार्च

खाल्लं.

मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर मुकादम यांच्या पायाशी, मान लांब, आणि करकर आवाज. पिवळं फूल होतं, कुंडीच्या कडेला आपोआप उगवतं तसलं. यांनी खिडकीतून तोडलं असणार. आधी मी फूलच बघत राहिले. मग कळलं की ते यांच्या उजव्या हातात आहे. दोन बोटांत.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर दोघांनीही माना आत घेतल्या असत्या.

३० मार्च

दुसरी मात्रा. पाच मिनिटांत झाली. हे आता सराईत झालेत.

व्यायामाच्या बाईंनी हात हलवून बघितला, बोटं उघडमीट करून बघितली आणि खूश झाल्या. चेंडू कामाला आला म्हणाल्या. मी त्यांना सांगून टाकलं की चेंडू सोफ्याखाली आहे, पहिल्या दिवसापासून. त्यांना पटलं नाही. काय जादू असेल ती असो, वेळ लागेल पण हात येईल, असं म्हणून गेल्या. मला यातलं काही कळत नाही. माझा विषय पोट.

६ एप्रिल

चिरंजीव आज सकाळी दहाला आले. हातात निळी फाइल. कपडे बदलले नाहीत, चहाही उभ्यानेच. तिकडची खोली पंधरा तारखेपर्यंत राखून ठेवलीय, सही माझी लागेल, म्हणाला. शिवाय तुलाही कुणाला तरी दाखवू या आई, थकली आहेस तू. वन्संनी त्याला काय काय सांगितलंय ते मला त्याच्या चेहऱ्यावरूनच वाचता आलं.

मी म्हटलं, जरा थांब, काच लावलीय, पंधरा मिनिटं अजून झाली नाहीत. आज मुकादमाची शेवटची तपासणी होती. तो फाइल धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, घड्याळ बघत.

वेळ झाल्यावर मी काच उचलली, भिंगाखाली घातली आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश नेली. ओळ संपली की खाली, पुन्हा उलट. एकतीस वर्षं जशी नेत होते तशी. मग आणखी एकदा. मग उठले आणि त्याला म्हटलं, बस, बघ.

त्याने फाइल ओट्यावर ठेवली. बसला. डोळा लावला.

"काही दिसत नाही," तो म्हणाला.

"तेच बघायचं होतं."

तो उठला नाही. मी त्याला सांगत राहिले, महिन्यापूर्वी इथे अशी गर्दी होती की मोजता येत नव्हती. डॉक्टरने वय झालं म्हणून सोडलं होतं. वजन ऐंशी ग्रॅमने वाढलंय. औषध मी देत नाही, बाबाच देतात, मान तेच धरतात, मी फक्त सिरिंज चालवते. पानं तेच भरवतात, उजव्या हाताने. तेव्हा त्याने एकदम विचारलं, कोणत्या हाताने? आणि दारातून बाहेर बघितलं. हे खुर्चीत होते, मांडीवर मुकादम, आणि कोथिंबिरीची काडी दोन बोटांत धरून त्याची वाट बघत होते. काडी थरथरत होती पण पडत नव्हती.

त्याने पुन्हा डोळा भिंगाला लावला. एवढं काय बघतोय रिकाम्या काचेत, मला कळेना. खांदे हलत होते. नंतर मी भिंग पुसायला घेतलं तर ओलं होतं. सवय नसली की एका डोळ्याने बघताना पाणी येतं, आमच्याकडच्या नव्या पोरींनाही यायचं.

मग तो बाहेर जाऊन बाबांसमोर जमिनीवर बसला. जानेवारीपासून पहिल्यांदा त्याने मला न विचारता यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?" हे त्याच्याकडे बघत राहिले. मग उजवा हात उचलला, उचलला म्हणजे सरकवत सरकवत आणला, आणि कासवाच्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

जेवायला थांबला. चारच्या सुमाराला निघाला. चप्पल घालताना म्हणाला, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो आई, कागद नाही आणत.

मी म्हटलं, आण की. चांगला जाड कागद दिसतो. मुकादमाच्या पेटीत रोज घालायला लागतोच.

आतून आवाज आला. आम्ही दोघंही वळलो. हे हसत होते. तोंडाच्या एकाच बाजूने, पण मोठ्याने.